हप्ता कापला, जमा मात्र नाही

एका पतसंस्थेच्या जावा सॉफ्टवेअरची देखभाल आमच्या टीमकडे आली, तेव्हा पहिलीच तक्रार पैशांची निघाली. सभासदाच्या बचत खात्यातून हप्ता वजा झालेला, कर्जखात्यात मात्र जमा नाही. लॉगमध्ये एवढंच: ‘व्यवहार अयशस्वी’. कशामुळे, याचा पत्ता नाही.

कोडमध्ये दोन्ही नोंदी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये होत्या. कर्जखातं बंद असेल तर खास एक्सेप्शन फेकण्याची सोयही होती. घोळ त्या एक्सेप्शनच्या जातकुळीत होता. ते थेट ‘एक्सेप्शन’ क्लासवरून बेतलेलं, म्हणजे चेक्ड. स्प्रिंग फ्रेमवर्कचं ‘ट्रान्झॅक्शनल’ ॲनोटेशन मात्र, वेगळं सांगितलं नसेल तर, रनटाइम एक्सेप्शन किंवा एरर आली तरच रोलबॅक करतं. चेक्ड आलं की तोवरचं काम चक्क कमिट होतं. वजावट आधी झालेली होती. तीच कायम राहिली.

आम्ही तो क्लास ‘रनटाइम एक्सेप्शन’वरून बेतला. ‘रोलबॅकफॉर’मध्ये त्याचं नाव देऊनही काम झालं असतं. टेस्ट मात्र नव्याने लिहाव्या लागल्या. जुन्या टेस्ट एक्सेप्शन आलं एवढंच पाहून पास होत. डेटाबेसमधली शिल्लक कुणी तपासतच नव्हतं. तुमच्या टेस्टमध्ये दुसरी पायरी मुद्दाम पाडा आणि पहिली मागे फिरली का, ते बघा.

जावात अशा बिघाडांची तीन घरं ओळखा. ‘आउट ऑफ मेमरी’सारख्या एरर पकडून सहसा हाती काही लागत नाही. नल पॉइंटर किंवा ॲरेबाहेरचा इंडेक्स ही रनटाइम एक्सेप्शन्स बहुधा कोडमधली चूक दाखवतात. ती कॅचने झाकू नका, मूळ कोड सुधारा. फाइल न मिळणं, नेटवर्क तुटणं यांसाठी चेक्ड असतात. ती पकडा किंवा ‘थ्रोज’ लिहून वर पाठवा, त्याशिवाय कंपायलर सोडत नाही. त्याच्या कटकटीला कंटाळून रिकामा कॅच ब्लॉक लिहिणं सर्वांत घातक. ट्रान्झॅक्शनच्या मेथडमध्येच एक्सेप्शन गिळलंत, तर स्प्रिंगला ते दिसतच नाही आणि रनटाइम असूनही कमिट होतं.

‘फायनली’मध्ये ‘रिटर्न’ लिहू नका. आलेलं एक्सेप्शन तिथेच गडप होतं. फाइल किंवा कनेक्शन बंद करायला 2011 च्या जावा 7 पासून ‘ट्राय विथ रिसोर्सेस’ आहे, ते वापरा. एक्सेप्शन गुंडाळून नवं फेकताना जुनं ‘कॉज’ म्हणून सोबत द्या, म्हणजे स्टॅक ट्रेसमध्ये मूळ ओळ सापडते.

आणि पकडायचं कुठे? जिथे पुन्हा प्रयत्न, दुसरा मार्ग किंवा वापरणाऱ्याला धड निरोप देता येतो, तिथेच. लॉगही तिथेच, एकदाच. प्रत्येक थराने आपापला लॉग लिहिला, की एका बिघाडाच्या चार नोंदी होतात आणि शोधणारा चार बिघाड शोधत बसतो.