मी 'जातो' की 'जाते'?

प्रश्न : वय १९. लहानपणापासून ना मुलगा असल्यासारखं वाटलं, ना मुलगी. 'मी जातो' खटकतं, 'मी जाते'ही खटकतं. हा आजार आहे का?

उत्तर : नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ मध्ये मंजूर झालेल्या वर्गीकरणात हा मानसिक विकार मानलेला नाही. 'बरं करतो' म्हणणाऱ्या डॉक्टरकडे फिरकूही नका. तसले उपचार राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये गैरवर्तन ठरवले आहेत. तुमचं पत्र मात्र मी दोनदा वाचलं. अवतरणं सोडली तर स्वतःबद्दल एकही लिंगदर्शक क्रियापद नाही! 'मी येईन', 'मला वाटतं', 'मी पाहिलं' ही सोय मराठीत आहेच. घोडं अडतं ते वर्तमानकाळात आणि 'मी गेलो', 'मी गेले' अशा भूतकाळात. ओळखीला नाव आजच द्यायला हवं असं नाही. खर्चासाठी घरावर अवलंबून असाल, तर घरी सांगायची घाई नको. आधी एखादं विश्वासाचं माणूस गाठा.