पाण्यावरचे घर

मुलांनो, जर्मनी देशात बॉन नावाचे शहर आहे. शहराला लागून ऱ्हाइन नदी वाहते. नदीवर केनेडी पूल आहे. त्या पुलावर घटकाभर उभे राहिलात, तर खालून लांबच लांब मालवाहू जहाजे जाताना दिसतील. कशात कोळसा, कशात वाळू, तर कशात तेल. मोठे जहाज शंभर मीटरपेक्षाही लांब असते. शंभर ट्रक भरतील एवढा माल त्यात मावतो.

आता जहाजाच्या मागच्या बाजूकडे पाहा. तिथे खिडक्या आहेत आणि खिडक्यांना पडदे आहेत. एखाद्या जहाजावर सायकल, तर एखाद्यावर चक्क मोटारही ठेवलेली दिसेल. कित्येक कुटुंबे अशी जहाजावरच राहतात. मुले शाळेत जाऊ लागली, की त्यांतली काही किनाऱ्यावरच्या वसतिगृहात राहतात आणि सुटीत जहाजावर येतात. म्हणजे सुटीत घरी जायचे, तर आधी घर कोणत्या गावी आहे ते विचारायचे!

समजा, तुम्ही अशा घरी पाहुणे म्हणून गेला आहात. जहाज प्रवाहाबरोबर चालले आहे. चुलीवर बटाटे उकडत आहेत. दूरवर पूल दिसू लागला आहे. एकाएकी पायांखालची घरघर थांबते. इंजिन बंद पडले!

मोटार बंद पडली, तर ती रस्त्याच्या कडेला उभी करता येते. इथे नदी जहाजाला पुढे नेतच राहते. शिवाय इंजिनाबरोबर पाण्यातला पंखाही थांबतो. पंख्याने लोटलेले पाणी सुकाणूवर आदळते, म्हणून एवढे जड जहाज वळते. पंखा थांबला, की सुकाणूचा जोर कमी होतो. आणि पुलाचे खांब तर जवळ येत आहेत!

कप्तान आधी इंजिनाकडे धावत नाही. तो भोंगा वाजवतो. चार वेळा, तुटक तुटक. जहाज आता आपल्या ताब्यात नाही, असा त्याचा अर्थ. नदीवरच्या सगळ्यांना ही खूण माहीत असते. दिवसा लाल बावटा हलवतात, रात्री लाल दिवा. बिनतारी यंत्रावरूनही आजूबाजूच्या जहाजांना कळवतात.

लगेच नांगर टाकायचा. कोणता? मागचा! पुढचाच टाकला, तर जहाजाचे पुढचे टोक अडकते आणि प्रवाह मागची बाजू फिरवतो. मग जहाज नदीत आडवे होते. नांगर कुठेही टाकून चालत नाही. तळाशी नळ किंवा तारा असतील, तिथे काठावर नांगराच्या चित्रावर लाल रेघ मारलेली पाटी असते. साखळी खडखडत सुटते. नांगर तळ खरवडत थोडा घसरतो, मग रुततो. जहाज थांबते.

आता इंजिनाची पाळी. पुष्कळदा कारण लहानसेच असते. चहाच्या गाळणीत चोथा साचतो, तसा तेलाच्या गाळणीत गाळ साचलेला असतो. नवी गाळणी जहाजावर ठेवलेलीच असते. ती बसवायची, नळीतली हवा काढायची आणि इंजिन सुरू करून पाहायचे. एवढ्याने भागले नाही, तर दुसऱ्या बोटीने ओढून न्यावे लागते. तोवर बटाट्यांचा लगदा झालेला असतो, हे वेगळे सांगायला नको.

नदीला दोन्ही बाजूंना काठ असतो. भर समुद्रात काय करायचे? गोव्यात बांधलेली ‘तारिणी’ ही भारतीय नौदलाची शिडाची नौका. १० सप्टेंबर २०१७ रोजी सहा महिला अधिकारी तिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी त्यांच्या प्रमुख होत्या. सुमारे सतरा मीटर लांबीची ती नौका हेच त्यांचे घर होते. प्रशांत महासागरातली वादळे झाली, दक्षिण अमेरिकेचे टोक मागे पडले, आफ्रिकेतले केपटाऊनही मागे पडले. आता गोव्याची ओढ लागली होती. तेवढ्यात हिंदी महासागरात सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला.

मॉरिशसला थांबायचे ठरलेलेच नव्हते. तरी त्यांनी नौका तिकडे वळवली आणि एप्रिल २०१८ मध्ये पोर्ट लुई बंदर गाठले. दुरुस्ती करून त्या पुन्हा निघाल्या. २१ मे २०१८ रोजी तारिणी गोव्याला पोहोचली. घरातून निघून तेव्हा आठ महिन्यांहून अधिक काळ लोटला होता.