जन्मजात व्यंगे : कारणे, प्रकार आणि गर्भावस्थेतील निदान

‘डॉक्टर, माझ्याकडून काय चुकलं?’ व्यंग घेऊन जन्मलेल्या बाळाची आई हा प्रश्न विचारल्यावाचून राहत नाही. कधी ती शब्दांत विचारते, कधी नुसत्या नजरेने. बेळगावात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना हा प्रश्न मी खानापूर, चंदगड, निपाणीकडच्या मातांकडून मराठीत ऐकला आहे आणि गोकाक, बैलहोंगलकडच्या मातांकडून कन्नडमध्येही. ‘तुमचे काहीही चुकले नाही’ हेच त्याचे उत्तर बहुतेक वेळा खरे असते.

मात्र एकदा हा प्रश्न मला स्वतःलाच विचारावा लागला. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत पाठीवर मज्जारज्जूची उघडी गाठ असलेले एक बाळ माझ्याकडे आले. शस्त्रक्रिया झाली, पण पुढे मेंदूत पाणी साठले आणि आठव्या महिन्यात जंतुसंसर्गाने ते गेले. दोन वर्षांनी तीच माता पाचव्या महिन्यात सोनोग्राफीचा अहवाल घेऊन आली. या वेळी गर्भाची कवटीच तयार झालेली नव्हती. तिच्या पिशवीत पहिल्या बाळाची जुनी फाइल होती. ‘त्या गोळ्यांचं तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं,’ एवढेच ती म्हणाली. फाइलमध्ये माझ्याच अक्षरात डोक्याचा घेर, ड्रेसिंग, प्रतिजैविके यांच्या नोंदी व्यवस्थित होत्या. आईसाठी फॉलिक ॲसिडची एक ओळ मात्र नव्हती. माझा रुग्ण बाळ आहे, आई नव्हे, असे मी धरून चाललो होतो. त्या गोळीने दुसरे व्यंग निश्चित टळले असते असे म्हणता येत नाही. पण शक्यता पुष्कळ कमी झाली असती.

हा लेख लिहिण्यामागे ती राहिलेली ओळ आहे. प्रतिबंधाची वेळ गर्भधारणेच्या आधी येते आणि तपासण्यांची वेळ नंतर, हा त्याचा मुख्य मुद्दा.

प्रमाण आणि प्रकार

जन्मतः किंवा त्यानंतर लवकरच लक्षात येणारी गंभीर व्यंगे शंभर नवजात बालकांत सुमारे दोन ते तीन जणांत आढळतात. पुढे उघडकीस येणारे दोष धरले तर हा आकडा वाढतो. ‘मार्च ऑफ डाइम्स’ या अमेरिकन संस्थेच्या २००६ च्या अहवालात जगभरात दरवर्षी सुमारे ७९ लाख बालके आनुवंशिक वा अंशतः आनुवंशिक कारणाचे गंभीर जन्मदोष घेऊन येतात, असा अंदाज दिला होता. हृदयाचे दोष सर्वांत अधिक, म्हणजे हजारी साधारण आठ ते दहा.

व्यंग कसे घडले, यावरून त्याचे चार प्रकार पडतात.

१) मूळ घडणीतील दोष : अवयव तयार होतानाच रचना अपुरी राहते. दुभंगलेला ओठ, हृदयाच्या पडद्यातील छिद्र, मज्जानलिका बंद न होणे ही याची उदाहरणे.

२) दाबामुळे आलेली विकृती : अवयव नीट घडलेला असतो, पण गर्भजल कमी असल्याने किंवा जागा अपुरी पडल्याने तो वाकतो. अशा विकृती बऱ्याचदा सौम्य उपचारांनी सुधारतात.

३) नीट घडलेल्या अवयवाची नंतर झालेली हानी : गर्भवेष्टनाचे तंतू बोटांभोवती आवळले जाऊन बोटे तुटणे, हे याचे उदाहरण. पुढच्या बाळात हे पुन्हा होण्याचा धोका नगण्य असतो.

४) ऊतींच्या जडणघडणीतील दोष : हाडे वा कूर्चा यांची वाढच बिघडलेली असते. आखूड हातपायांचा, जन्मजात खुजेपणाचा एक प्रकार यात मोडतो.

हे वर्गीकरण केवळ परीक्षेपुरते नाही. ‘पुढच्या वेळी काय?’ या पालकांच्या प्रश्नाचे उत्तर त्यावर अवलंबून असते.

काही दोष डोळ्यांना दिसतच नाहीत. थायरॉईड ग्रंथी जन्मतः काम करीत नसेल, तर बाळ पहिले काही आठवडे अगदी निरोगी वाटते. टाचेतील रक्ताच्या थेंबावरून निदान करून पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू केले, तर त्याची बुद्धी वाचते. उशीर झाल्यास गेलेली बुद्धी परत येत नाही.

कारणे

निम्म्याहून अधिक बालकांत निश्चित कारण सापडत नाही, हे प्रथम स्पष्टपणे सांगितले पाहिजे. उरलेल्यांची विभागणी अशी करता येईल.

गुणसूत्रांचे दोष : डाउन सिंड्रोममध्ये २१ क्रमांकाचे एक गुणसूत्र जादा असते, हे फ्रान्समध्ये १९५९ साली दाखवून देण्यात आले. मातेच्या वयाबरोबर धोका वाढतो. विशीत तो साधारण दीड हजारांत एक, पस्तिशीत साडेतीनशेत एक आणि चाळिशीत शंभरात एक असतो. तरीही अशी पुष्कळ बालके तरुण मातांच्या पोटी जन्मतात, कारण एकूण बाळंतपणे त्याच वयात अधिक होतात. म्हणून ‘वय लहान आहे, तपासणी कशाला?’ हा युक्तिवाद टिकत नाही.

एकेका जनुकाचे दोष : आई-वडील दोघेही थॅलेसेमियाचे वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. सिंधी, लोहाणा अशा काही समाजांत वाहकांचे प्रमाण जास्त आहे. वाहक आहोत की नाही, हे विवाहापूर्वी रक्ताच्या एका तपासणीने कळू शकते.

येथे नात्यातील विवाहांचा विषय टाळता येत नाही. मामाच्या मुलीशी विवाह आपल्या मराठी समाजाला नवा नाही आणि सीमाभागात मामा-भाचीचे विवाहही झालेले आहेत. मामे-आते भावंडांत सरासरी एक अष्टमांश जनुके समान असतात, मामा-भाचीत एक चतुर्थांश. त्यामुळे एकच सुप्त दोष दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. मामे-आते भावंडांच्या संततीत गंभीर दोषांचा धोका दोन-तीन टक्क्यांवरून सुमारे दुप्पट होतो. याचा दुसरा अर्थ असा की, अशा बहुसंख्य दांपत्यांची मुले निरोगीच निपजतात. झालेल्या विवाहाला दूषण देण्यापेक्षा त्या दांपत्याला वेळीच आनुवंशिकतेविषयी सल्ला मिळावा, हे श्रेयस्कर.

बाह्य कारणे : सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ साली बालकांचा मोतीबिंदू आणि मातेला गर्भारपणात झालेला रुबेला यांचा संबंध दाखवला. १९५७ मध्ये जर्मनीत विक्रीस आलेले थॅलिडोमाइड १९६१ च्या अखेरीस मागे घेतले जाईपर्यंत सुमारे दहा हजार बालके हातापायांची व्यंगे घेऊन जन्मली होती. आजच्या औषधांपैकी फेफऱ्यावरील व्हॅल्प्रोएट, मुरुमांवरील आयसोट्रेटिनॉइन आणि मेथोट्रेक्सेट यांची विशेष काळजी घ्यावी. मात्र फेफऱ्याचे औषध मनाने अचानक थांबवू नये. गर्भधारणेआधीच ते डॉक्टरांकडून बदलून घ्यावे. अनियंत्रित मधुमेहात हृदयाचे व मज्जारज्जूचे दोष वाढतात. मद्यपानाला गर्भारपणात सुरक्षित असे प्रमाण नाही.

आणि ग्रहण? ग्रहणात भाजी चिरली म्हणून बाळाचा ओठ चिरला, असे ऐकवून कितीतरी सुनांना दोषी ठरवलेले मी पाहिले आहे. गर्भाचा ओठ सातव्या आठवड्याच्या सुमारास जुळून येतो आणि टाळू बाराव्या आठवड्यापर्यंत. डोहाळजेवणाच्या सुमारास पडलेले ग्रहण त्याला कसे फाडणार? ज्या मातांनी ग्रहण कसोशीने पाळले, त्यांचीही दुभंगल्या ओठांची बाळे माझ्याकडे आली आहेत.

प्रतिबंधाची खरी वेळ

गर्भधारणेपासून अठ्ठावीस दिवसांच्या आत मज्जानलिका बंद होते. त्या दिवशी पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. बहुतेक स्त्रिया डॉक्टरांकडे येतात त्या यानंतर. त्या वेळी सुरू केलेले फॉलिक ॲसिड आईच्या रक्तासाठी उपयोगी पडते. मज्जानलिकेसाठी वेळ निघून गेलेली असते.

ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने सात देशांतील ३३ केंद्रांत केलेला अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. आधीच्या बाळात असा दोष असलेल्या मातांना गर्भधारणेपूर्वीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिल्यावर पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी घटली. एक बाळ असे झाले असेल, तर पुन्हा होण्याचा धोका शंभरात दोन ते पाच असतो. त्यावरून या घटीचे मोल कळेल. सर्वसाधारण स्त्रीसाठी रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरते. ते गर्भधारणेच्या किमान एक महिना, शक्यतो तीन महिने आधी सुरू करून पहिले तीन महिने चालू ठेवावे. आधी असे बाळ झालेल्या, मधुमेह असलेल्या किंवा फेफऱ्याची औषधे घेणाऱ्या स्त्रियांनी मोठी मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासांत गर्भवती स्त्रियांमध्ये ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळली. शाकाहारी कुटुंबांनी तिकडेही लक्ष द्यावे.

रुबेलाविषयी एक बाब आवर्जून सांगतो. गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झाली, तेव्हा पहिल्या टप्प्यात कर्नाटक आणि गोवा दोन्ही होते. लस नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांना दिली गेली. म्हणजे साधारण २००२ पूर्वी जन्मलेल्या मुली त्यातून सुटल्या आणि आज त्याच विवाह व मातृत्वाच्या वयात आहेत. लस झाल्याची नोंद नसेल तर विवाहापूर्वी ती घ्यावी. त्यानंतर एक महिना गर्भधारणा टाळावी. गर्भारपणात ही लस देत नाहीत.

गर्भावस्थेतील निदान

येथे दोन शब्दांत गल्लत होऊ नये. चाळणी परीक्षा केवळ धोका कमी की जास्त, हे सांगते. निदान करणारी परीक्षा खात्री देते.

११ ते १४ आठवडे : सोनोग्राफीत गर्भाच्या मानेमागील द्रवाची जाडी मोजतात, जोडीला मातेच्या रक्ताची ‘डबल मार्कर’ परीक्षा करतात. कवटी तयार न होण्यासारखे मोठे दोष याच वेळी दिसू शकतात.

दहाव्या आठवड्यापासून : मातेच्या रक्तातील गर्भाच्या डीएनएची तपासणी, म्हणजे ‘एनआयपीटी’. डाउन सिंड्रोमसाठी ती अतिशय अचूक आहे, तरीही चाळणीच आहे. ती होकारार्थी आली म्हणून खात्री केल्याशिवाय गर्भपाताचा निर्णय घेऊ नये.

११ ते १३ आठवडे वारेचा तुकडा, पंधराव्या आठवड्यानंतर गर्भजल परीक्षा : या निदान करणाऱ्या परीक्षा. अनुभवी हातांत गर्भपाताचा धोका शेकड्याला एकाहून कमी असतो.

१८ ते २० आठवडे : सर्व अवयवांची सविस्तर सोनोग्राफी, गरजेनुसार गर्भाच्या हृदयाची स्वतंत्र तपासणी.

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. सासरच्या गावी झालेल्या तपासण्यांची फाइल सातव्या महिन्यात मुलीबरोबर माहेरी यावी, एवढी दक्षता दोन्ही घरांनी घ्यावी.

निदान म्हणजे गर्भपातच, असे समजू नये. हृदयातील मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली असल्याचे आधी कळले, तर शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी बाळंतपण करून बाळ वाचवता येते. व्यंग फार गंभीर असेल तेव्हा निर्णय दांपत्याचा असतो. आपण त्यांना पूर्ण माहिती द्यावी. १९७१ च्या कायद्यातील वीस आठवड्यांची मर्यादा २०२१ च्या दुरुस्तीने बदलली. आता अशा कारणासाठी चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचे मत लागते, आणि त्यापुढेही वैद्यकीय मंडळाने गंभीर व्यंगाचे निदान केले तर परवानगी मिळू शकते. लिंग सांगणे वा विचारणे मात्र १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. व्यंग शोधण्यासाठी आलेले यंत्र मुली शोधण्यासाठी वापरले गेले, हा आपल्या व्यवसायाच्या इतिहासातील काळा भाग आहे.

जन्मानंतर

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वाकडे पाय, दुभंगलेला ओठ, जन्मजात मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयदोष अशा व्यंगांची तपासणी व पुढील उपचारांची सोय आहे. वाकड्या पायांना पहिल्या काही आठवड्यांत पॉन्सेटी पद्धतीने प्लास्टर सुरू केले, तर बहुतेक मुले नीट चालतात. गर्भ वा बाळ दगावल्यास शवपरीक्षा आणि गुणसूत्रांची तपासणी यांविषयी पालकांशी हळुवारपणे बोलावे. दुःखाच्या क्षणी ते अवघड जाते. पण पुढच्या गर्भारपणाविषयी सांगण्यासारखे बरेच काही त्यातून हाती लागते.

सारांश

१) विवाह ठरताच रुबेलाची लस आणि थॅलेसेमियाची तपासणी.
२) गर्भधारणेआधीपासून फॉलिक ॲसिड, मधुमेह व फेफरे असल्यास आधी सल्ला.
३) अकराव्या ते चौदाव्या आणि अठराव्या ते विसाव्या आठवड्यांतील सोनोग्राफी न चुकवणे.
४) व्यंगाचा दोष मातेला न देणे.

बालरोगतज्ज्ञ बंधू-भगिनींना एक विनंती. व्यंग असलेले बाळ पहिल्यांदा आपल्याकडे येते आणि पुढचे गर्भारपण राहण्यापूर्वी त्या मातेला भेटणारे डॉक्टर पुष्कळदा आपणच असतो. त्या मातेच्या भेटीनंतर मी अशा प्रत्येक बाळाच्या कागदावर शेवटी आईच्या नावाने वेगळी ओळ लिहितो : पुढील गर्भधारणेपूर्वी भेटावे, कोणती गोळी, किती महिने आधी. ती लिहायला अर्धा मिनिटही लागत नाही. आपणही लिहावी.