काचपट्टीवरचे रक्त आणि सिकलसेलचा रिपोर्ट



विदर्भातील बौद्ध आणि आदिवासी कुटुंबांत सिकलसेल पुष्कळ आढळतो. वस्तीत आम्ही रिपोर्ट समजावून सांगतो तेव्हा एक प्रश्न हमखास येतो: "सिस्टर, पोरीचं रक्त काचेवर घेऊन कॉम्प्युटरवर पाहिलं, ठीक आहे म्हणाले. मग पुन्हा रक्त कशाला द्यायचं?" प्रश्न रास्त आहे. म्हणून संगणक नेमके काय पाहतो, ते समजून घेऊ.

रक्ताचा थेंब काचपट्टीवर पातळ पसरवतात, त्याला रंग देतात आणि सूक्ष्मदर्शकातून फोटो घेतात. फोटो म्हणजे लाखो बारीक ठिपके. संगणकाला सीमा ठरवून देतात: इतका गडद ठिपका म्हणजे पेशी, त्याहून फिकट म्हणजे रिकामी काच. समजा, 10 लाख ठिपक्यांपैकी 4 लाख गडद निघाले, तर पेशींनी 40 टक्के जागा व्यापली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत तयार झालेले 'इमेजजे' हे मोफत सॉफ्टवेअर असे मोजमाप करते. पेशी गोल आहे की विळ्यासारखी लांबट, हेही त्यातून मोजता येते.

पण यात तीन ठिकाणी फसगत होते.

1. तांबड्या पेशीचा मधला भाग फिकट असतो. सीमा चुकली तर संगणक त्याला रिकामी काच समजतो.

2. एकमेकींवर चढलेल्या दोन पेशी एकच मोठी पेशी म्हणून मोजल्या जातात. म्हणून पेशी सुट्या, एकाच थरात असतील तोच भाग निवडावा लागतो.

3. एकाच थेंबाचे रक्त काचेवर कुठे दाट, कुठे विरळ पसरते. म्हणून व्यापलेली जागा म्हणजे हिमोग्लोबिन नव्हे. 40 टक्के वाचून "अंगात रक्त 40 टक्केच आहे" असे समजू नका. हिमोग्लोबिनची तपासणी वेगळी असते.

आता सर्वांत महत्त्वाचे. सिकलसेलच्या वाहकाच्या, म्हणजे एएस व्यक्तीच्या, पेशी काचपट्टीवर बहुधा गोलच दिसतात. डोळ्याला दिसत नाही ते संगणकही मोजू शकत नाही. सोल्युबिलिटी चाचणी सिकलसेल आहे एवढे सांगते. वाहक की रुग्ण, हे सांगत नाही. त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही तपासणी लागते. म्हणून पुन्हा रक्त द्यायचे.

हे का महत्त्वाचे? नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ सिकलसेलचा रुग्ण होण्याची शक्यता 25 टक्के असते, वाहक होण्याची 50 टक्के. नुसत्या फोटोवर विसंबले तर हे बाळ आजारी पडल्यावरच कळते. 1 जुलै 2023 पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू आहे. 40 वर्षांपर्यंतच्या सर्वांनी तपासणीसाठी जवळच्या आरोग्य केंद्रात विचारावे. लग्नाआधी तपासणी केली तर उत्तम. राहून गेली असेल तर गरोदरपणाच्या सुरुवातीलाच करा.

आणि एक विनंती. वाहक म्हणजे रोगी नव्हे. मुलगी वाहक निघाली म्हणून तिला नावे ठेवू नका. मुलाचीही तपासणी करा आणि दोघांना डॉक्टरांसमोर बसवा. रक्त शुद्ध की अशुद्ध, हा डाग आपल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसला. तो आपणच आपल्या लेकीच्या माथी मारू नये.

नमो बुद्धाय, जय भीम.