सायलेन्सरचा हट्ट

पालकहो, बारावी झाली, कॉलेज सुरू झालं, हो-नाही करता करता दारात मोटरसायकल आली, की काही महिन्यांत एक मागणी हमखास पुढे येते. "बाबा, गाडीला आवाजच नाही. सायलेन्सर बदलू का?" असं विचारणारी मुलं गुणी म्हणायची. पुष्कळजण विचारतही नाहीत. शनिवारी गाडी गॅरेजला लावतात आणि रविवारी सकाळी साऱ्या गल्लीला कळतं. या मागणीला बहुतेक घरांत एकच उत्तर मिळतं : "गप्प बस, काही नको." उत्तर बरोबर आहे, पण अपुरं आहे. ज्याला गाडीतल्या चार गोष्टी जास्त कळतात, त्याला आपण कारण न देता नकार दिला, तर तो कारणं गॅरेजवाल्याकडून ऐकतो. म्हणून आज त्या कारणांबद्दलच तुमच्याशी बोलायचं आहे.

मुलांपुढे दोन वाटा असतात. पहिली स्वस्तातली. गाडीबरोबर आलेला कंपनीचा सायलेन्सर उघडायचा, आतली जाळी काढायची, मागच्या झाकणाला भोकं पाडायची, नाहीतर धूर स्वच्छ करणारा 'कॅट' कापून टाकून तिथे सरळ नळी वेल्ड करायची. पोरांच्या भाषेत 'पुंगळी काढली'. दुसरी वाट खर्चाची. बाजारातून तयार सायलेन्सर आणायचा. बुलेटला लाँग बॉटल, डॉल्फिन, इंदोरी अशी नावं चालतात. स्पोर्ट्‌स बाइकवाल्यांकडे स्लिप-ऑन, म्हणजे नुसता मागचा डबा, किंवा फुल सिस्टीम, म्हणजे इंजिनापासून शेवटापर्यंत सगळी नळी. मुलगा म्हणतो, "कापाकापी नको, चांगल्या कंपनीचा घेतो." त्या बोलण्यात तथ्य किती, हे समजायचं तर आधी सायलेन्सर करतो काय ते पाहू.

इंजिनाचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा तापलेला, दाबाखालचा वायू झटक्याने बाहेर येतो. हे झटके मिनिटाला हजारोंनी बसतात. सायलेन्सरमधल्या कप्प्यांमध्ये त्यांच्या आवाजाच्या लहरी एकमेकींवर आपटून बऱ्याच अंशी विरतात, भोकाच्या नळीभोवतीची काचेची लोकर उरलेला आवाज शोषते. पण नळीची लांबी, जाडी आणि आतला आकार यांचं आणखी एक काम आहे. परत फिरणारी दाबाची लहर सिलिंडरमधला जळका वायू ओढून काढायला आणि नवं मिश्रण भरायला मदत करते. १९५०च्या दशकात पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन या अभियंत्याने टू-स्ट्रोक इंजिनाच्या नळीचा आकार याच तत्त्वावर बेतला आणि छोट्या इंजिनातून थक्क करणारी ताकद काढून दाखवली. तुमच्यापैकी ज्यांनी तरुणपणी आरएक्स १०० चालवली असेल, त्यांना टू-स्ट्रोकची ती ओढ आठवत असेल. सायलेन्सर हा इंजिनाचाच भाग आहे, ही गोष्ट मुलाला इथूनच सांगायला सुरुवात करा. त्याला ती ऐकायला आवडेल.

१ एप्रिल २०२० पासून बीएस ६ आलं आणि हे नातं आणखी घट्ट झालं. आता नळीवर ऑक्सिजन सेन्सर असतो. जळलेल्या वायूत किती ऑक्सिजन उरला ते तो मोजतो आणि त्यावरून ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा संगणक, पेट्रोल कमी-जास्त करतो. पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, पोरांचा 'कॅट'. मधाच्या पोळ्यासारख्या त्याच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइड्‌स यांचा विखार तिथे कमी होतो.

आता या सायलेन्सरला करवत लावली की काय होतं ते बघा. आवाज वाढतो आणि आवाजाबरोबर ताकदही वाढली असं मुलाला वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक वेळा खालच्या वेगातली ओढ कमी होते, आणि आपल्या गावातलं सगळं चालवणं त्याच वेगात असतं. वेल्डिंग कच्चं राहिलं आणि सेन्सरजवळ फट पडली, तर बाहेरची हवा आत येते. सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, ईसीयू ते वाढवतो आणि ॲव्हरेज घसरतं. उलट पूर्ण थ्रॉटलला ईसीयू सेन्सरला न विचारता आपल्या ठरलेल्या तक्त्यावर चालतो. नळी मोकळी झालेली, तक्ता मात्र जुन्या सायलेन्सरसाठीचा. मग मिश्रण पातळ होऊन इंजिन जास्त तापू शकतं. कॅट काढलेला असेल तर सगळा धूर तसाच बाहेर पडतो. सिग्नलला शेजारच्या रिक्षात आईच्या मांडीवर झोपलेल्या बाळाच्या नाकाशी तो जातो. मुलाला हे सांगताना आवाज चढवायची गरज नाही, त्याला ते कळतं.

बुलेटच्या फटाक्यांचंही असंच. चालत्या गाडीत इग्निशन बंद करायचं, थ्रॉटल पिळायचा, पुन्हा चालू करायचं. मधल्या क्षणात न जळलेलं पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरमध्ये जातं आणि तिथे पेटतं. त्या उष्णतेने कॅटची जाळी वितळू शकते. शिवाय भर रहदारीत तेवढा वेळ गाडी इंजिनाविना आणि चालवणाऱ्याचं लक्ष बटणावर.

आणि कापलेला सायलेन्सर पुन्हा जोडून पूर्वीसारखा होत नाही. नवा घ्यावा लागतो, आणि कॅटमुळे तो महाग पडतो. कॅटमधल्या मौल्यवान धातूंसाठी आपल्याकडे मारुती ईकोचे सायलेन्सर चोरीला जातात, हे तुम्ही पेपरात वाचलं असेल. म्हणून गॅरेजवाला "जुना इथेच राहू द्या" म्हणाला तर सावध व्हा. तो डबा भंगार नाही.

दुसऱ्या वाटेबद्दल मुलाशी प्रामाणिक बोलायला हवं. नामांकित कंपनीचा तयार सायलेन्सर हा कापाकापीपेक्षा यंत्र म्हणून नक्कीच बरा. स्टेनलेस स्टीलचा किंवा टायटॅनियमचा, वजनाला हलका, मोजून-मापून बनवलेला. तो बोल्टवर बसतो, जुना शाबूत राहतो, कधीही परत लावता येतो. स्लोव्हेनियातली अक्रापोविच ही कंपनी एका मोटरसायकल शर्यतपटूनेच उभी केली. शर्यतीच्या गाड्यांवर असे सायलेन्सर शोभतात. पण कॉलेजच्या मुलाच्या १२५ ते २०० सीसीच्या गाडीवर नुसता डबा बदलून अंगाला जाणवेल असा ताकदीचा फरक पडत नाही. जाणवतो तो आवाज. आणि रस्त्यावरच्या दुकानात दोन-चार हजारांत जो 'अक्रापोविच' मिळतो, त्यावरचं स्टिकर तेवढं त्या नावाचं असतं.

म्हणजे दोनच वाटा असत्या तर दुसरी निवडा, असं मी म्हणालो असतो. पण सार्वजनिक रस्त्यावर दोन्ही वाटा एकाच ठिकाणी जाऊन अडतात. गाडीच्या नमुन्याला मंजुरी मिळते ती कंपनीच्या सायलेन्सरसह. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही संस्था आहे, तिथे अशा चाचण्या होतात. ८० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलला ७५ डेसिबल, १७५ सीसीपर्यंत ७७ आणि त्यापुढे ८० डेसिबल अशी चाचणीतली मर्यादा आहे. परदेशी डब्यावरचा युरोपचा ई-मार्क इथल्या मंजुरीची जागा घेत नाही. 'डीबी किलर' नावाची आवाज दाबणारी नळी जवळ ठेवून "पोलीस दिसला की लावतो" म्हणणाऱ्या मुलाने कायदा पाळलेला नसतो, पोलिसांना टाळलेलं असतं. "पीयूसी निघाली ना" हाही पुरावा नाही. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत धूर तपासतात, आवाज तपासत नाहीत.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करायला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा ठामपणे सांगितलं. २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि धुराचे निकष मोडल्यास कलम १९०(२) आहे : पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्ससाठी अपात्र. 'मालक' हा शब्द नीट वाचा. आपल्या बहुतेक घरांत आरसी वडिलांच्या नावावर असते. मुलगा अठरा वर्षांच्या आतला असेल आणि गाडी चालवताना गुन्हा घडला, तर कलम १९९-अ खाली पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. अपघात झालाच तर विमा कंपनी न कळवलेल्या बदलाकडे बोट दाखवू शकते, आणि इंजिनात बिघाड झाला तर वॉरंटीचं बोलणंही अवघड होतं.

तरी मला कायद्यापेक्षा जास्त काळजी कानांची वाटते. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. डेसिबलमध्ये दहाची वाढ म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट. पुंगळी काढलेली एक गाडी रात्री गल्लीतून गेली, तर ऑपरेशन होऊन घरी आलेला माणूस, तान्हं बाळ, दहावीचा अभ्यास करणारी मुलगी, सगळे दचकतात. आणि त्या आवाजाजवळ सर्वांत जास्त वेळ बसलेला असतो आपलाच मुलगा. आतल्या कानातल्या नाजूक केसपेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. कानात सतत वाजणारी शिट्टी पंचविशीत सुरू झाली, तर ती जन्मभर सोबत राहू शकते.

मुलगा म्हणेल, "आवाज असला की समोरच्याला कळतं, जीव वाचतो." सायलेन्सरचं तोंड मागे असतं, आवाज मुख्यतः मागे जातो. बहुतेक धोका समोरून आणि चौकात आडवा येतो. त्यासाठी दिवसाही पेटता राहणारा हेडलॅम्प २०१७पासून नव्या दुचाकींना सक्तीचा आहे, १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना २०१९पासून एबीएस आहे. जीव वाचवायचाच असेल तर सायलेन्सरचे पैसे आयएसआय हेल्मेट, हातमोजे, जाकीट आणि चांगल्या टायरांवर खर्च होऊ देत.

आता सर्वांत महत्त्वाचं. मुलाला नेमकं काय हवंय ते विचारा. वेग हवा असेल तर त्याची जागा ट्रॅकवर आहे. कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे. प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली तिथे जाऊ दे, तिथल्या गाडीला तिथला सायलेन्सर शोभतो. यंत्राची ओढ असेल तर ते घराचं भाग्य समजा. आयटीआयमध्ये मेकॅनिकचे अभ्यासक्रम आहेत. अभियांत्रिकीला असेल तर बाहा एसएईइंडिया आणि फॉर्म्युला भारत या स्पर्धांसाठी महाराष्ट्रातल्या कितीतरी कॉलेजांचे संघ स्वतः गाडी बांधतात. तिथे पाइप कापायचा, वाकवायचा, वेल्ड करायचा आणि मग नियमांच्या तपासणीला उभं राहायचं. हौस तिथे विद्या होते.

आणि काम आधीच उरकून आला असेल तर आदळआपट करू नका. पहिला प्रश्न विचारा, जुना सायलेन्सर कुठे आहे? तो शाबूत असेल तर येत्या रविवारी अधिकृत सर्व्हिस सेंटरला दोघे मिळून जा, तो परत बसवून घ्या, गॅस्केट नवं टाका, सेन्सर तपासा. कापलेला असेल तर नव्याचा खर्च त्याच्याशी बोलून ठरवा, काही वाटा त्याच्या खर्चाच्या पैशांतून जाऊ दे. आपल्या नकारामागे गाडीची, शेजाऱ्यांची आणि त्याच्या कानांची काळजी आहे, हे त्याला एकदा पटलं की गॅरेजवाल्याच्या आग्रहाला तो स्वतःच नाही म्हणेल. तोच नकार आपल्याला हवा आहे, कारण रस्त्यावर आपण त्याच्या मागे बसलेले नसतो.