नावावरून वाद्य ओळखू नये

तंतुवाद्य ओळखावे ते रचनेवरून. हॉर्नबोस्टेल आणि झाक्स यांच्या १९१४ च्या वर्गीकरणात झिथर कुळाची खूण सोपी आहे: स्वतंत्र दांडी नाही, तारा खोक्यावरच या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेल्या. आपले स्वरमंडल याच कुळातले.

अमेरिकेतले जुने ‘युकेलिन’ पाहा. नावात युकुलेले आणि व्हायोलिन. पण दांडी कोठेच नाही. १६ तारा गजाने वाजवायच्या, उरलेल्या १६ तारांचे चार गट बोटांनी छेडायचे. म्हणजे हे झिथरच. तारांवर लवचिक पट्ट्यांच्या हातोड्या दिसल्या तर मार्क्सोफोन. नमदा लावलेल्या, तारा दाबणाऱ्या आडव्या पट्ट्या असतील तर ऑटोहार्प.

आपल्या मिरवणुकीतला ‘बेंजो’ही असाच चकवतो. चामड्याने मढवलेल्या, लांब दांडीच्या अमेरिकी बँजोचा तो वंशज नव्हे. १९१२ मध्ये जपानात मोरिता गोरो यांनी घडवलेल्या ताइशोगोतोपासून तो आला, बुलबुलतरंगही तोच.

म्हणून कोशात ‘बेंजो’ हा रूढ शब्द बदलू नये. मात्र त्यापुढे ‘झिथर कुळातील, कळा दाबून वाजवायचे’ एवढे लिहावे. नाहीतर उद्याचा विद्यार्थी त्या शब्दावरून भलतेच वाद्य शोधत बसेल.