पत्रा कापण्याआधी

काकांची फियाट आमच्या बाभुळगावच्या कापसाच्या गोदामात अठ्ठावीस वर्षे उभी होती. १९६६ सालची ११०० डिलाइट, १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर. आज तिला कुणी स्पोर्ट्स कार म्हणणार नाही. पण परदेशी गाडी मिळणे दुरापास्त होते त्या दिवसांत मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर हीच फियाट इंजिन सुधारून शर्यतीत उतरवली जाई. आणि काका मुंबईची गाडी गाठायला धामणगाव स्टेशनकडे निघाले की मागच्या सीटवर आम्हा पोरांची शर्यतच सुरू होई.

२०१७ साली काका गेले. तेराव्यानंतर काकूंनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. म्हणाल्या, "इकू नको बाबू, चालती कर." दिवाळीपर्यंत करतो, असे मी सांगून बसलो. चार वर्षे लागली, आणि त्यातली निम्मी पहिल्या काही महिन्यांत केलेल्या चुका निस्तरण्यात गेली. तुमच्या गोठ्यात, गोदामात अशी एखादी गाडी धूळ खात असेल तर पान्याला हात लावण्याआधी एवढे वाचा.

पहिली चूक त्याच आठवड्यातली. नवी बॅटरी बसवली, टाकीत पाच लिटर पेट्रोल ओतले आणि सेल्फ मारला. इंजिन दोनदा खोकले आणि चक्क सुरू झाले. घरची सगळी माणसे अंगणात आली. थोड्याच वेळात मागून निळा धूर निघू लागला. इतक्या वर्षांत सिलिंडरच्या आतले तेल खाली उतरून गेले होते, तिथे गंज धरला होता, आणि पिस्टनच्या रिंगा त्या गंजावरून कोरड्याच घासल्या गेल्या. एअर फिल्टरमध्ये उंदरांनी आमच्याच गोदामातल्या कापसाचे घरटे केले होते. तेही कार्ब्युरेटरकडे ओढले गेले. शेवटी यवतमाळला लेथवर बोअर वाढवून मोठे पिस्टन घालावे लागले. खरे तर चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे तेल सोडायचे, दोन दिवस मुरू द्यायचे, जुने तेल काढून नवे भरायचे आणि गाडी न्यूट्रलला ठेवून हँडलने हाताने इंजिन फिरवून पाहायचे. अडले तर जोर करायचा नाही, पुन्हा तेल, पुन्हा थांबणे. हे सगळे थोडक्या खर्चात झाले असते.

ब्रेकची गोष्ट याहून गंभीर. पॅडल घट्ट लागत होते म्हणून मी गाडी अंगणातून उतारावर घेतली. दुसऱ्यांदा पाय दाबला तो थेट तळाला टेकला. गाडी गोठ्याच्या भिंतीवर जाऊन थांबली. दोन मिनिटांपूर्वी तिथे माझी पुतणी उभी होती. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, त्या ओलाव्याने व्हील सिलिंडर आतून गंजतात, रबरी वॉशर कडक होऊन चिरतात. या जुन्या फियाटमध्ये चारही चाकांना एकाच नळीतून दाब जातो. एका चाकापाशी गळती झाली की चारही ब्रेक गेले. म्हणून इंजिनाच्या आधी ब्रेक. नळ्या, वॉशर, मास्टर सिलिंडर सगळे नवे घ्या, आणि पाकिटातले नवे रबरही वाकवून, ताणून बघा. मला एका दुकानातून मिळालेल्या किटचे वॉशर हातातच तडकले होते.

पण मला सर्वांत जास्त बोलायचे आहे ते पत्र्याबद्दल.

पायाखालची फरशी पार गेली होती. कार्पेट उचलले तर खाली अंगणातली काळी माती दिसत होती. मी ग्राइंडर आणला, गाडी मधोमध जॅकवर उचलली, आणि दोन्ही बाजूंची फरशी आणि दारांखालच्या पट्ट्या एका दिवसात कापून काढल्या. गंज निघाला याचा केवढा आनंद झाला होता! संध्याकाळी मागचे डावे दार लावायला गेलो, तर ते लागेना. वरची फट बोटभर रुंद, खालची बंद.

यवतमाळहून मिस्त्रीचाचा आले. त्यांनी खाली वाकून पाहिले आणि बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "भाऊ, जीपले चेसी रायते, ट्रकले रायते. ह्या गाडीले येगळी चेसी नसते. फरशी अन् पट्ट्या हाच तिचा कणा. तुमी तोच कापला ना."

हे मला ठाऊक नव्हते आणि मी कुणाला विचारलेही नाही. अशा गाडीचा पत्रा कापण्याआधी दारांच्या चौकटीत आडवे-तिरपे लोखंडी अँगल वेल्ड करून चौकट जखडायची. गाडी मधल्या जॅकवर टांगायची नाही. ठोस ठिकाणी चार घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) सपाट टेकवायची. एका वेळी एकच तुकडा कापायचा, तिथे नवा बसवायचा, दार लावून बघायचे, मगच पुढचा. कापण्याआधी दारांच्या फटी मोजून वहीत लिहायच्या, फोटो काढायचे. चाचांनी गाडी ओढून-ताणून पुष्कळ सरळ केली. पूर्ण सरळ झाली नाही.

वेल्डिंगला हात लावण्याआधी त्यांनी पेट्रोलची टाकी उतरवून थेट कुंपणाजवळच्या बाभळीखाली नेऊन ठेवायला लावली. टाकी रिकामी होती, पण भरलेल्या टाकीपेक्षा रिकामीच घातक. आतल्या वाफेला एक ठिणगी पुरते. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, त्याने जुने रबर फुगते किंवा कुजते. पेट्रोलचे पाइप आणि पंपाचा पडदा आधीच बदलून टाका.

पार्टसाठी कुर्ल्याच्या बाजारात चार फेऱ्या झाल्या. हे इंजिन कुर्ल्यातच प्रीमियर कारखान्यात बनले होते. मुंबईत याच घराण्यातल्या पद्मिनी टॅक्सी धावत होत्या तोवर सामान सहज मिळे. शेवटची २०२३च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. म्हणून जुना पार्ट भंगारात देण्याआधी दहा वेळा विचार करा.

कागद मात्र सगळ्यांत आधी. मालक गेल्यावर वारसाने तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करायची असते. चेसी आणि इंजिन नंबरची पेन्सिल-छाप रंग खरवडण्यापूर्वी घेऊन ठेवा. ५० वर्षांवरच्या गाडीला २०२१च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळते: फी २० हजार, मुदत १० वर्षे. पण बॉडी, चेसी, इंजिन मूळचे हवे, आणि अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच. म्हणूनही कापण्याआधी थांबा.

गाडी तयार झाली त्या दिवशी काकूंना मागे बसवून गोदामाच्या आवारात एक फेरी मारली. उतरताना त्यांनी दार नेहमीसारखे बोटाने ढकलले. ते लागले नाही. त्यांनी पुन्हा ढकलले, मग माझ्याकडे पाहिले. मी जवळ जाऊन दार थोडे वर उचलले आणि लावले.